समोरची खुर्ची

"तुम्हा दोघांना मोठीच बोट बरी," असं म्हणत ग्रेचेनने जाडजूड रंगीत पुस्तिका लोइसच्या पुढ्यात सरकवली. "छोटीत नुसते जिने आहेत गं. लिफ्टसुद्धा नाही. आर्विडचे हाल होतील."

लोइसचा चेहरा पडला. दोन्ही जोडप्यांपैकी कुणीच आजवर बोटीच्या सफरीला गेलं नव्हतं, आणि पहिल्यांदा जायचं ते अलास्कालाच, तेही चौघांनी मिळून, हे तिच्या नवऱ्याने, आर्विडनेच जाहीर करून टाकलं होतं. तेव्हा त्याचं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नसे. मग मागच्या उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, तोंडाची डावी बाजू ओघळली आणि मोजकेच शब्द उरले. ग्रेचेन आणि तिच्या नवऱ्याकडचा शनिवारचा पत्त्यांचा डावही तेव्हापासून बंद पडला. चौघं पुन्हा एका टेबलाशी बसली तर सगळं पहिल्यासारखं होईल, या एका आशेवर लोइस आज इथे आली होती.

डुलुथ गावातलं हे सफरी ठरवून देणारं ऑफिस नदीन नावाच्या एका बडबड्या बाईचं होतं. तिने आल्या आल्या सगळ्यांना लिंबाच्या वड्या दिल्या होत्या. आर्विड दुसरी खात होता. वडीचा ओलसर चुरा त्याच्या ओठांवरून घरंगळायचा अवकाश, की लोइसचा रुमाल तिथे पोचलेला असे. तो हनुवटी पुढे करी, ती पुसून घेई. दुसऱ्या कुणाच्या नजरेस काही पडतच नाही, असा तिचा समज होता.

"मग तुम्हीही मोठीच घ्या ना," लोइस म्हणाली. "एकत्र जाऊ."

"मोठी म्हणजे जत्रा गं. प्लेट हातात धरून रांगेत उभं राहायचं. मला नाही सोसत. आणि तुम्हाला कसं, तिथे डॉक्टर आहे, लिफ्ट आहे..."

"लिफ्ट छोटीतही आहे की!" कॉफीचं भांडं घेऊन आलेली नदीन म्हणाली. आपण कशावर पाय दिला हे त्या बिचारीला कुठलं कळायला? "ग्रेचेन, परवा फोनवर तुम्हाला सांगितलं होतं मी. थेट जेवणघराच्या दारात उघडते. आणि खरी मजा तिथेच हो! सगळे एकाच वेळी, एकाच दालनात जेवतात. मोठ्या बोटीवर शेजारच्या खोलीतला माणूस आठवडाभर दिसत नाही. छोटीवर कुणी कुणाला चुकवूच शकत नाही!"

ग्रेचेन कपातली कॉफी ढवळू लागली. कपात साखर घातलेली नव्हती.

त्या गावात कुणाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. बिघडलेल्या पदार्थालासुद्धा तिथे 'वेगळाच झालाय हं' म्हणतात, आणि करणारीला काय ते समजतं. ग्रेचेनचा नवरा डेल इतका वेळ खिडकीतून गोठलेलं सरोवर बघत होता. आपण सावरून घ्यावं असं त्याला वाटलं.

"माझं काहीच म्हणणं नव्हतं हं, लोइस," तो अगदी मनापासून म्हणाला. "मी सांगितलं हिला, मान खाली घालून जेवायचं. आपल्याच प्लेटीत बघायचं. मग काही वाटत नाही."

"डेल!"

लोइसला एकेक बुडालेला शनिवार आठवला. एका शनिवारी ग्रेचेनची कंबर धरली होती. पुढच्या शनिवारी डेलला खोकला. मग पाहुणे, मग हिमवादळ, मग पुन्हा कंबर. त्या कंबरेसाठी लोइसने सूप करून नेलं होतं, आणि ग्रेचेनने ते दारातूनच घेतलं होतं.

"लोइस, अगं, तसं नाही," ग्रेचेनने तिच्या हातावर हात ठेवला. "लोक बघतात. आर्विडलाच अवघडल्यासारखं होईल."

लोइसने हात काढून घेतला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आली ती चीड, आणि ती तिला फार बरी वाटली.

"आम्हाला छोटीच द्या," ती नदीनला म्हणाली. "यांच्याच फेरीची."

"वा!" नदीनने टाळी वाजवली.

"जेवणाच्या जागा ठरवून मिळतात?"

"चौघांचं टेबल राखून ठेवायला सांगते ना मी. न्याहारीपासून रात्रीपर्यंत, तुम्हीच चौघं."

"सांगा. आर्विडला ग्रेचेनच्या समोरची खुर्ची द्या. तिचा चेहरा दिसला की त्याला बरं वाटतं."

ग्रेचेनने डेलकडे पाहिलं. डेल पुन्हा सरोवर बघत होता. इतक्या वर्षांची मैत्रीण, आता तोंडावर नाही कसं म्हणणार? "हे... वेगळंच होईल, लोइस," ती कशीबशी म्हणाली.

"होऊ दे की."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द आर्विडच्या हाती लागला होता. "चौघं!" तो ओरडला आणि तोंडातल्या घासासकट खदखदून हसला. पिवळा ओघळ ओठांवरून निघाला आणि हनुवटीवर येऊन थांबला. सवयीने त्याने हनुवटी लोइसपुढे केली.

लोइसने रुमालाची नीट घडी घातली, तो पर्समध्ये ठेवला आणि पर्स बंद केली. तिची नजर ग्रेचेनवरून हलली नाही. आर्विड हनुवटी पुढे करून तसाच बसून राहिला.