सांगायला आलेले तिघे

तीन म्हातारे एकामागोमाग एक फाटकातून आत शिरले, तेव्हा बुरुलचा अंगणात नमद्याच्या जाजमासाठी पसरलेल्या लोकरीवर कढत पाणी ओतत होती. तिघांच्या डोक्यावर उंच पांढऱ्या टोप्या, आणि तिघेही गप्प. नारीन नदीच्या खोऱ्यात म्हातारी माणसं दिवसाउजेडी अशी न बोलता कुणाच्या घरी जात नाहीत. जातात तेव्हा त्या घरातलं एक माणूस कमी झालेलं असतं, आणि ते थेट सांगायचं नसतं.

किटली तिच्या हातात तशीच राहिली. आधी तिच्या मनात नवरा आला. तो रशियात इमारतींवर चढून कामं करायचा. मग वरच्या कुरणातला भाऊ. नऊ वर्षांची आयझिरेक शाळेत होती. तिला बुरुलचानं मोजलंच नाही.

तिघांतले ओसमोनकुल आजोबा या कामात पट्टीचे. आजवर एक्केचाळीस मृत्यू त्यांनी घरोघरी सांगितले होते. एकदा तर त्यांनी बातमी इतक्या हलक्या हातानं फोडली, की विधवेनं त्यांना आग्रह करकरून दोनदा चहा पाजला आणि रडायचं तिला तिसऱ्या दिवशी सुचलं. ते बसले, दाढीवरून हात फिरवला आणि डोंगरांपासून सुरुवात केली. डोंगराचे कडेही ढासळतात, नद्याही आटतात, असं करत ते पक्ष्यांवर आले. पक्षीण दाणे टिपायला गेलेली असते, आणि इकडे घरट्यात पिल्लाचा पंख...

पिल्लू हा शब्द आला आणि पुढचं बुरुलचानं ऐकलं नाही. तिनं असा गळा काढला की ओढ्यापलीकडच्या तीन घोड्यांनी दावी तोडली. शेजारणींनी कुंपणापलीकडूनच सूर धरला आणि मग आत आल्या. पोर सकाळी शाळेत पडली एवढं त्यांना ठाऊक होतं. आता म्हातारे आले म्हणजे ती गेलीच असणार. ओसमोनकुल आजोबा दोनदा पुटपुटले की पंख मोडलाय, फक्त पंख. पण रडणाऱ्या बाईला मध्येच तोडायचं नाही हाही रिवाजच, आणि रिवाजाला त्यांच्याइतकं पक्कं कुणी नव्हतं. ते थांबले. बुरुलचा लेकीच्या वेण्या आठवून रडली, तिचा पडलेला दात आठवून रडली. अर्ध्या तासात अंगणात चाळीस माणसं जमली. कुणीतरी मयताच्या जेवणासाठी मेंढी ओढत आणली, कुणी सुरीला धार लावायला बसलं.

एवढ्यात आयझिरेक स्वतःच्या पायांनी फाटकातून आत आली. मनगटापासून दंडापर्यंत प्लास्टर, हात गळ्यात बांधलेला. बरोबर तिच्या वर्गाच्या बाई, सायकाल. ही बुरुलचाची लहानपणापासूनची मैत्रीण. मेंढी तेवढी ओरडत राहिली.

बुरुलचानं पोरीचं तोंड चाचपलं, प्लास्टरबाहेरची बोटं मोजली, पुन्हा मोजली. मग विचारलं, हे कधी झालं.

सायकालनं सगळं सांगितलं. दहा वाजता, कसरतीच्या तासाला, शिडीवरून पडली. पण जिल्ह्याहून शाळा बघायला साहेब आले होते. आई येऊन तमाशा करेल म्हणून हेडमास्तर म्हणाले, साहेबांना जाऊ दे. साहेब जेवून गेले तीनला. मग हेडमास्तरच म्हणाले, बाईमाणसाला असं एकदम सांगू नये, रीतसर वडीलधारे पाठवू. यावर अंगणातल्या बऱ्याच माना डोलल्या.

"फोनवर वाईट बातमी देत नाहीत, बुरुल," सायकाल म्हणाली. "आपल्याला काही रीतभात आहे की नाही?"

"बारा वाजता फोन केला होतास तू."

सायकाल पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागली.

"साहेबांना बोरसोक कमी पडतील म्हणालीस. मी परातभर तळून पाठवले, गरम गरम. वर तू मला हसवलंस."

"तेव्हाच सांगणार होते गं. पण तू इतकी खुशीत होतीस. जिभेवर येईना."

"त्यातला एक मला दिला," आयझिरेक म्हणाली.

बोरसोक, कणकेचे ते फुगीर तुकडे, घरोघरी तळतात, पण बुरुलचाचे चौकोनी असायचे आणि त्यांना दुधाचा वास यायचा.

"दवाखान्यात दिला बाईंनी. मी ओळखला. मला वाटलं तू आलीस, बाहेर बसलीयस. डॉक्टर हाड ओढायला लागले तर मी म्हटलं, थांबा, आईला आत येऊ दे. बाई म्हणाल्या, येतेय, येतेय."

दवाखाना त्या अंगणातून दिसतो. जोरात हाक मारली तर तिथं ऐकू जाते.

"मला कुणी सांगितलंच नाही, सोन्या," बुरुलचा म्हणाली.

आयझिरेकनं अंगणभर नजर फिरवली. तिला गाडीतून दवाखान्यात नेणारा होता. तिच्या हातावर खाऊची गोळी ठेवणारी दुकानदारीण होती. परात घेऊन गेलेली शेजारीण होती, ती तर दवाखान्याच्या दारातून डोकावूनही गेली होती.

"यांना सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "हे येऊन मला बघून गेले. आणि तुला नव्हतं?"

बुरुलचानं एकेकाकडे पाहिलं. आईला कुणी कळवलं नव्हतं, हे एकानं तरी पोरीला सांगावं. माणसं जमिनीकडे बघत फाटकाकडे सरकायला लागली होती. तिनं हात पुढे केला, तेव्हा आयझिरेकनं तो लागू नये अशा बेतानं प्लास्टर दुसऱ्या बाजूला वळवलं.