प्लास्टिकचं डोकं

माझी नात विजयमाला प्रयोगशाळेत एक नवं स्कॅनर बनवते. कॅन्सरच्या गाठीवर सोडलेले प्रोटॉनचे किरण शरीरात नेमके कुठं थांबतील, हे ते आधीच चित्र काढून दाखवणार आहे. यंदा गड्ड्याच्या जत्रेला ती सोलापूरला आली, पण चेहरा उतरलेला. हुरडा खाताना मी विचारलं, "काय झालं गं?"

"मशीन खोटं बोलतंय, आज्जी. चाचणीला प्लास्टिकचं डोकं ठेवतो, तर दर वेळी डाव्या कानामागं दाण्याएवढा डाग दाखवतंय. सगळे भाग बदलून झाले. असंच चाललं तर आमचं काम बंद पडंल की."

"त्या डोक्यातच काय असंल तर?"

"छे गं! ते एका ठणठणीत माणसाच्या स्कॅनवरून छापलंय, आतल्या बारीकसारीक सगळ्यासकट. डाग मशीनचाच."

तिनं मोबाइलवर त्या डोक्याचा फोटो दाखवला. मी चष्मा पुसून घातला. रुंद, पुढं आलेलं कपाळ आणि एक भुवई वर चढलेली. मैंदर्गीच्या माळावर मेंढरं राखणारे माझे सासरे इतक्या वर्षांनी समोर उभे राहिले.

"अगं, हे तर आपल्या घरचं कपाळ हाय!"



"वळखलंस की!" विजयमाला खळखळून हसली. "माझंच हाय ते. चाचणीसाठी फुकटात स्कॅन करून घ्यायला दुसरं कोण तयार हुतंय?"

मी हुरडा खाली ठेवला आणि तिच्या डाव्या कानामागं बोटांनी चाचपू लागले.