नऊ मजले, अठराशे किलोमीटर

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा खोडलं. म्हटलं, लिफ्टमधली गोष्ट, तीही चार मिनिटांची, त्यात काय लिहायचं. पण ती काही डोक्यातून जाईना.

पाना त्या दिवशी लिफ्टमध्येच बोलायचं ठरवून आला होता. पाना म्हणजे माझा मित्र. लिफ्ट दुरुस्त करतो, खिशात कायम पाना असतो, म्हणून नावच पाना पडलं. आणि ही लिफ्ट चालवतात त्याचे बाबा. जुनी लिफ्ट आहे, आत बटणं नाहीत, हँडल आहे. काका स्टुलावर बसून ते फिरवतात. तळमजल्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे रोजचंच बघणं. आत शिरलेल्या माणसाला काका एवढंच विचारतात, "कितवा?" पुढे एक शब्द नाही. आणि लिफ्ट अशी थांबवतात की तिची फरशी आणि मजल्याची फरशी एक होते. नखाएवढी पायरी लागत नाही. तीस वर्षांत तिथे कुणी ठेचकाळलेलं नाही.

"घरी सांग की," मी म्हटलं.

"घरी मी तोंड उघडलं की ते गॅलरीत जातात. इथून कुठे जातील?"

सांगायचं होतं ते असं. पाना चालू काम सोडून निघाला होता. अठराशे किलोमीटर लांबच्या शहरात. नोकरी ठरलेली नाही, काळं कुत्रं ओळखीचं नाही. फक्त तिथे एक बहात्तर मजली इमारत आहे आणि तिचा फोटो तो महिनाभर मला दाखवत होता. "बहात्तर, लेका! दोर केवढा असेल!" आमच्या गावात सगळ्या मिळून लिफ्ट अकराच, आणि सगळ्यात उंच इमारत हीच, नऊ मजल्यांची. तिकीट काढून झालं होतं, बॅग भरून झाली होती. पण घरात दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा नको म्हणाले तर हा तिकीट फाडणार. तसं तो बोलला नव्हता, पण मला कळत होतं.

दुपारी आम्ही दोघं आत शिरलो. फायली घेतलेल्या एक बाई आणि एक जाडजूड वकील आधीच उभे होते.

"कितवा?" काका म्हणाले. पोरालाही तेच.

"नववा." लिफ्ट निघाली. "बाबा, मी इथून जातोय. दुसऱ्या शहरात."

"चौथा," काका म्हणाले. बाई उतरल्या, पण मान मागे वळवून.

"किती दिवसांसाठी?" हे वकिलांनी विचारलं. सवय, दुसरं काय.

"कायमचा."

"नोकरी लागली?"

"अजून नाही."

"मग तिथे आहे कोण तुझं?"

"कुणी नाही."

"अरे, मग डोकं फिरलंय का तुझं? अहो, तुम्ही तरी सांगा काही पोराला!"

"सातवा," काका म्हणाले.

वकिलांनी पाय बाहेर टाकला आणि थेट हातांवर पडले. लिफ्ट वीतभर खाली थांबली होती.

ते कपडे झटकत, पुटपुटत गेले. पाना त्या पायरीकडे बघत होता. मीही. तीस वर्षांतली पहिली पायरी.

काकांनी दार ओढलं. नवव्याला लिफ्ट थांबली. त्यांनी दार उघडलं नाही. हात हँडलवरच होता.

"किती लांब?"

"अठराशे किलोमीटर."

काकांनी हँडल सोडलं.

"ही खालपासून वर तीस मीटर चढते," ते म्हणाले. "दिवसाला शंभर खेपा. झाले तीन किलोमीटर. नुसतं चढायचं धरलंय, उतरायचं धरलेलंच नाही. वर्षाला नऊशे. स्टुलावर बसून दुसरं करणार काय? म्हणजे तुझं शहर मी दोन वर्षांतच गाठलं होतं. पुढची अठ्ठावीस वर्षं कुठे चाललो होतो, देव जाणे."

वर्षाला नऊशे, अशी तीस वर्षं. सत्तावीस हजार किलोमीटर. रोज दुकानातून त्यांना बघायचो तेव्हा मला वाटायचं, हा माणूस कसा जागचा हलत नाही.

पाना त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. "बाबा, तिथे काम नाहीये माझ्याकडे. तुम्ही काहीच कसं विचारत नाही?"

"तीस वर्षं लोकांना वर सोडतोय. वर काय काम आहे, असं एकालाही विचारलं नाही." त्यांनी दार उघडलं. फरशीला फरशी लागली होती. "तुलाच कशाला विचारू?"

आम्ही जिन्यानेच उतरलो. लिफ्टने उतरायची हिंमत दोघांचीही होईना. पाचव्यावर पाना पायरीवर बसला आणि तोंडावर हात घेऊन हमसून रडला.

"रिटायर व्हायला वर्ष राहिलंय त्यांना," नाक पुसत म्हणाला. "नंतर काय करतील रे एकटे?"

मी मनात अठराशेचा हिशेब केला. वर्षाला नऊशे.

"अर्ध्या वाटेपर्यंत ते स्वतःच येतील," मी म्हटलं. "तिथून पुढे मी घेऊन येतो. शब्द दिला."