बानाबाईच्या हाताचा गुण

साल बाहत्तरचं, दुष्काळाचं. लासूर स्टेशनजवळ पाझर तलावाच्या कामावर कुणाचा घसा धरला, की लोक बानाबाईकडे येत. राखेत अंगठा बुडवून ती पडजीभ वर दाबायची. तिच्या हाताला गुण आहे, असा पंचक्रोशीत लौकिक होता.

एके दिवशी तिचीच लेक भिवरा तापानं फणफणली. तोंड उघडेना, लाळ गळत होती. बाया भोवती जमल्या, कुणी राखेची वाटीही पुढं केली. बानाबाईनं लेकीच्या ओठाला पाणी लावलं. तो घोट तसाच बाहेर आला. तिनं वाटी बाजूला सारली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, उठा. गाडी गाठायची. औरंगाबादला न्यायचं हिला."

त्रिंबक कुजबुजला, "येडी का काय? लोक म्हनतील, सोताच्या लेकीचा घसा जमला नाय. उद्या कोन येईल तुझ्याकडं?"

"नाय आलं तर नाय आलं. जिला सोताची लाळ गिळवंना, तिच्या घशात म्या अंगठा घालू व्हय?"

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी घशातला पू काढला, तेव्हा कुठं पोरगी बोलली.

भिवरा आता औरंगाबादच्याच उस्मानपुऱ्यात नांदते. तिची हाक गल्लीच्या टोकाला ऐकू जाते. त्रिंबक शहरातल्या नव्या कारखान्यावर वॉचमन झाला आणि मरेपर्यंत हीच गोष्ट छाती फुगवून सांगत राहिला. बानाबाईच्या दारची गर्दी कधी हटली नाही. साध्या घशाला ती मिठाच्या गुळण्या सांगायची. पण ती "दवाखाना" म्हणाली, की माणसं वाटेत चहालाही थांबत नसत.