निजलेली गाठ

वत्सलेची थोरली बहीण शालन डेंग्यूने जाऊन चाळीस दिवस झाले होते, तेव्हा वत्सलेला प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. डॉक्टर कर्णिकांनी तिच्यापुढे काचेची एक बशी ठेवली.

“ही ताईंच्या स्तनातली कॅन्सरची गाठ. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं ती चौदा वर्षं निजून राहिली. त्यांनी देहदान केलं होतं, म्हणून आम्ही ती जपली. अजून जिवंत आहे.”

“अजून?” वत्सला बशीपासून किंचित मागे सरली.

“रोज त्याच औषधाचा थेंब देतो. थांबवला, तर ती जागी होऊन वाढू लागेल. नष्ट करायची, तर तुमची सही लागेल.”

वत्सलेने पेन उचललं. या गाठीच्या धाकाने शालनने एका दिवसाचीही गोळी कधी चुकवली नव्हती. आता शालनचं एवढंच काय ते जिवंत उरलं होतं.

तिने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. फिकट पेशी एकमेकींना बिलगून होत्या. मधूनच एखादी किंचित हलायची.

तिने पेन खाली ठेवलं.

“आजचा थेंब दिलात?”

“अजून नाही.”

“मग मी देते,” ती म्हणाली. शेजारी कुणी झोपलं असावं, तसा तिचा आवाज आपोआप खाली आला होता.