नांदुऱ्याला न पोचणारी गाडी

मेकॅनिक नागसेनने कार्बोरेटरचा जेट उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून आरपार पाहिलं आणि तो रामरावांच्या तळहातावर ठेवला.

"तुमीच पाहा काका. कचरा नाई, काई नाई."

रामरावांनी पाहिलं. फ्लोट बरोबर होता, प्लग नवा होता, पेट्रोलचा कॉक साफ होता. टाकीही उलटी करून धुऊन झाली होती. गाडी जुनी खरी, निशिगंधाच्या जन्माच्या साली घेतलेली. लहानपणी पोरगी पुढे टाकीवर बसायची आणि हे काय, ते काय करत गाडीचा एकेक भाग विचारून बापाला भंडावून सोडायची.

रोहिणखेडहून शेतात, बाजारात, पार बुलडाण्यापर्यंत रामराव या गाडीवरच हिंडत. कधी कुरकुर नाही. पण मुलीला रेल्वेसाठी नांदुऱ्याला सोडायला निघाले, की मोताळा ओलांडल्यावर आचके देऊन गाडी बंद. किका मारून मारून पायाचा भुगा व्हायचा. शेवटी पेट्रोल आहे की नाही बघायला टाकीचं मोडक्या कुलपाचं झाकण उघडावं, पुन्हा किक मारावी, तर ही शहाण्यासारखी चालू. तोवर रेल्वे गेलेली असायची.

नागसेन हात पुसत जवळ आला. "राग नका मानू काका. पोरगी मांगं बसली तवाच बंद पडते. कॉक तुमीच तं बंद करत नाई ना?"

रामरावांना राग आलाच. कारण ती गोष्ट त्यांच्या मनात येऊन गेली होती. केली नव्हती, एवढंच.

खोटं कशाला बोला, गाडी बंद पडली की त्यांना आतून बरं वाटायचं. बायको कोकिळाबाई गेल्यापासून एक भाकर आणि वाटीभर पिठलं एवढाच त्यांचा संसार उरला होता. रेल्वे चुकली की निशिगंधा आणखी एक मुक्काम करायची. कपाळाला आठ्या घालून परत यायची, "भंगारात घाला ही गाडी" म्हणायची, आणि म्हणता म्हणता स्वतःच फडकं घेऊन तिला टाकीपासून चाकापर्यंत पुसून काढायची. मग चुलीपाशी बापलेकीच्या गप्पा. ती एक संध्याकाळ रामरावांना पुढे कितीतरी दिवस पुरायची.

पण मागच्या खेपेला रेल्वे चुकली, तेव्हा तिच्या बँकेतल्या साहेबाचा आवाज फोनमधून बाहेरपर्यंत ऐकू आला. साहेब नको नको ते बोलला. पोरगी नुसती "हो सर, हो सर" करत राहिली. रामरावांना आपल्या सुखाची लाज वाटली.

आणि आता तर बदली झाली होती, थेट बिलासपूरला. नाशिकहून ती सणावाराला यायची. बिलासपूरहून वर्षातून एकदा आली तरी डोक्यावरून पाणी. सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवारची रेल्वे चुकली तर रविवारची होती म्हणा, पण मग रिझर्वेशन बुडालं, रात्रभर गर्दीत उभं राहणं आलं आणि उतरल्या उतरल्या बँक गाठणं आलं. काही झालं तरी पोरीला शनिवारच्याच रेल्वेत बसवायचं, अशी रामरावांनी मनाशी गाठ मारली होती. टाकी काठोकाठ भरून ते घरी परतले.

शनिवारी सकाळपासून निशिगंधा दशम्या करत होती. निघायच्या दिवशी हे ठरलेलं. एरवी त्या घरात ज्वारीचंच राज्य, पण त्या दिवशी ती गव्हाचं पीठ आणायची, दुधागुळात कणीक भिजवायची. अर्ध्या दशम्या स्वतःच्या डब्यात, अर्ध्या बापासाठी फडक्यात.

"बाबा, आटपा. आज चुकली तं मी तुमच्या गाडीवर पुन्हा बसनार नाई," ती म्हणाली. रामराव सदरा बदलून बाहेर आले, तर ती बॅग बांधून गाडीपाशी उभी होती.

मोताळा मागे पडलं. रामराव कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकत होते. गाडी पाण्यासारखी चालली होती.

"काऊन हळू चालवून राह्यले बाबा? रेल्वे जाईन."

त्यांनी वेग वाढवला. थोडं अंतर गेलं असेल नसेल, गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि रस्त्याच्या कडेला ती गप्प झाली.

निशिगंधा उतरली. पलीकडे निंबाच्या सावलीत जाऊन, पाठ करून उभी राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं रामरावांना वाटलं. त्यांनी नागसेनला फोन लावला.

नागसेनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, टाकीचं झाकन उघडून पाहा बरं. त्याले हवेसाठी बारीक भोक राह्यते. ते बुजलं तं पेट्रोल खाली उतरत नाई. तेवढंच पाह्याचं राह्यलं आपलं."

रामरावांनी झाकण फिरवलं. टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. त्यांनी झाकण उलटं केलं. भोकात काहीतरी पांढुरकं बसलं होतं. कडेच्या बाभळीचा काटा मोडून त्यांनी ते कोरून काढलं. मऊ होतं, ताजं होतं. बोटांत दाबून त्यांनी नाकाशी नेलं. पेट्रोलच्या वासाखाली दुधाचा आणि गुळाचा वास होता.

त्यांनी निंबाकडे पाहिलं. निशिगंधाच्या हातात मोबाइल होता, पण ती त्यात पाहत नव्हती.

रेल्वेला अजून वेळ होता. एक किक मारली असती तर वेळेत पोचले असते.

"सापडलं का काका?" नागसेनने विचारलं.

"नाई बा, भोक तं साफ आहे," रामराव म्हणाले, आणि कणकेची ती गोळी होती तिथे अंगठ्याने घट्ट दाबून त्यांनी झाकण लावलं.