खाचेपलीकडचे ठोके

सोनोग्राफीचे यंत्र गप्प होते, आणि त्या शांततेला हात लावायला खोलीतले कुणीच धजत नव्हते.

म्हाताऱ्या शिंप्याच्या पायाच्या करंगळीभोवती कातडीची एक खाच दोऱ्यासारखी आवळत गेली होती. खाचेपलीकडे रक्त पोचत नसेल, तर उद्या बोट कापायचे ठरले होते.

"एवढंसं तर बोट! त्यानं कधी सुईत दोरा ओवलाय का?" त्याची बायको उसने हसत म्हणाली.

"तुझं काय जातंय? बोट माझं आहे."

डॉक्टरबाईंनी कातडीवर टेकवलेला यंत्राचा प्रोब खाचेपलीकडे सरकवला. यंत्रातून भरदार ठोके ऐकू आले. शिंप्याचा चेहरा उजळला.

सवयीने त्यांनी त्याची नाडी धरली. ती संथ होती; बोटातले ठोके मात्र घाईचे होते. प्रोबमधून आपल्याच हाताची धडधड येत असावी, म्हणून त्यांनी तो नर्सच्या हाती दिला. ठोके बदलले नाहीत.

मग त्यांनी हळूच स्वतःच्या गळ्यावर दोन बोटे टेकवली. ताल तोच होता.

"डॉक्टरबाई, जिवंत आहे ना हो ते? मग उद्या कापायचं नाही ना?"

त्या उठल्या आणि दाराकडे चालू लागल्या. पाऊल उचलताच मागचे ठोके जलद झाले.